मिशन रोडवरच्या बुटक्या गाड्या

"माझी आई इथंच बसलीय," निशिकांत माइकमध्ये म्हणाला आणि अख्ख्या सभागृहानं माझ्याकडं मान वळवली. "सदुसष्ट वर्षांची आहे. भारतातून माझ्याकडं राहायला आलीय. आणि रविवारी संध्याकाळी तिला घराबाहेर पाऊल टाकायची भीती वाटते. स्वतःच्या मुलाच्या घरात असून."

तो इंग्रजीत बोलत होता. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण कळतं बऱ्यापैकी. तरी पहिल्यांदा मला वाटलं, तो दुसऱ्या कुणाच्या तरी आईबद्दल बोलतोय. मग समोर गोलाकार टेबलामागं बसलेल्या महापौरबाई माझ्याकडं बघून कनवाळूपणानं हसल्या, तेव्हा उजेड पडला.

सभागृहात उजवीकडं त्या गाड्यांवाल्यांची माणसं बसली होती. पांढरे, कडक इस्त्रीचे सदरे, पाठीवर त्यांच्या क्लबाचं नाव भरतकामात. दुसऱ्या रांगेत ओफेलियाबाई होत्या, काळ्या पोशाखात, गळ्याशी लेस. त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि मांडीवरच्या पर्सकडं नजर खाली घातली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला उघडं पडल्यासारखं वाटू नये म्हणून नजर काढून घेतली होती.

याला आता नऊ वर्षं झाली. त्या वेळी मी कॅलिफोर्नियातल्या सॅन ऑरेलियो नावाच्या गावात मुलाकडं सहा महिने राहायला गेले होते. निशिकांत आणि ऋजुता दोघंही नोकरीला, नात ईरा तीन वर्षांची. तिला सांभाळायचं, वरणभात शिजवायचा, संध्याकाळी बाबागाडीत घालून फिरवायचं. आमची सोसायटी नवीकोरी, सगळी घरं एका रंगाची. तिला लागून मिशन रोड. आणि रोडच्या पलीकडं जुनी मेक्सिकन वस्ती.

दर रविवारी संध्याकाळी मिशन रोडवर त्या गाड्या यायच्या. लोरायडर म्हणतात त्यांना. जुन्या लांबलचक गाड्या, मुद्दाम इतक्या बुटक्या केलेल्या की पोट रस्त्याला टेकतंय असं वाटावं. एकेक गाडी लग्नातल्या नवरीसारखी नटवलेली. वेग असा की चालणारा माणूस पुढं निघून जावा. गाडीत पंप बसवलेले असतात, बटण दाबलं की गाडी कधी पुढून उचलते, कधी मागून, आणि सिग्नलला उभी राहिली की नंदीबैलासारखी मान हलवते. लोक रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बघत बसायचे. पण नगरपालिकेनं फार वर्षांपूर्वी नियम केलेला, की एकाच रस्त्यावरून हळूहळू येरझाऱ्या घालायच्या नाहीत. तशा पाट्याही खांबांवर होत्या. पोलीस पूर्वी गाड्या उचलून न्यायचे. अलीकडं काणाडोळा करायचे, पण नियम होताच.

आता नगरपालिकेपुढं ठराव आला होता. पाट्या काढाव्यात, ह्या गाड्या म्हणजे इथल्या मेक्सिकन कुटुंबांची कला आहे, गावाचा वारसा आहे असं जाहीर करावं, आणि ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मिशन रोड फक्त त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा. आमच्या सोसायटीचा त्याला विरोध होता. निशिकांत सोसायटीचा सेक्रेटरी. तिथं त्याला सगळे निक म्हणायचे.

भीतीचं म्हणाल तर ते मीच बोलले होते, खोटं कशाला सांगू. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी गाड्यांतल्या गाण्यांच्या दणक्यानं खिडकीच्या काचा थरथरल्या, तेव्हा मी म्हटलं होतं, "निशी, छातीत धडधडतंय रे." त्यानं उठून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या.

पण ते पहिल्या रविवारी. पुढच्याच आठवड्यात ईराला घेऊन मी रोडच्या पलीकडं गेले. एका घरापुढं एक म्हातारा स्टुलावर बसून गाडी पुसत होता. गाडी पिकलेल्या जांभळाच्या रंगाची, ऊन पडलं की आतून लाल मारायची. मागच्या झाकणावर गुलाबांच्या मधोमध देवी रंगवलेली, त्यांची ग्वादालूपेची मेरी. आत मरून रंगाची मखमल, बटणं मारून फुगवलेली, काचेच्या वरच्या कडेला गोंडे. तो बोटावर फडकं गुंडाळून बंपरच्या खाचाखोचांतनं फिरवत होता, मग उठून दोन पावलं मागं जायचा आणि मान वाकडी करून बघायचा. मी बाबागाडी धरून उभीच राहिले. असा माणूस मी तीस वर्षं रोज सकाळी आमच्या दारात पाहिला होता.

तो रामीरो. त्याची बायको ओफेलिया बाहेर आली आणि मला खुर्ची दिली. दालचिनी घातलेली कॉफी दिली. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळं आमचं छान जमलं. तिनं सांगितलं, त्यांचं लग्न झालं त्या दिवशी चर्चमधनं घरी जाताना पोलिसांनी गाडी अडवली होती. गाडी फार खाली आहे म्हणून. रामीरोला लग्नाच्या सुटात रस्त्याकडेला दगडावर बसवून ठेवलं आणि ती नवरीच्या पोशाखात गाडीत बसून राहिली. येणारेजाणारे बघत होते. "रामीरो हसत होता," ती म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून. मला त्याचा तो हसण्याचाच राग आला."

दर गुरुवारी ती दोघं भाजीबाजारात जायची. मीही जायला लागले. ईरा मधे, मी खिडकीशी. कोपऱ्यावर रामीरो ईरासाठी बटण दाबायचा आणि गाडी मान हलवायची. घरी मी यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, असं म्हणता येणार नाही. त्या गाड्यांचा विषय निघाला की निशिकांतचा आवाज बदलायचा. मला वाटायचं, कशाला उगाच.

आणि सभेच्या दिवशी तो म्हणाला, "आई, संध्याकाळी चल माझ्याबरोबर नगरपालिकेत. इथं गाव कसं चालवतात ते तरी बघ." मी खूश झाले. मुलगा चार माणसांत बोलणार म्हणून ठेवणीतली नारायणपेठ नेसले.

निशिकांतचं बोलून झालं. महापौरबाईंनी विचारलं, "तुमच्या आईंना काही सांगायचंय का? त्या त्यांच्या भाषेत बोलू शकतात, तुम्ही आम्हाला इंग्रजीत सांगा."

"ती दमलीय," निशिकांत म्हणाला.

"पण त्या उभ्या राहिल्यात," बाई म्हणाल्या.

मी खरंच उभी राहिले होते. कधी राहिले ते मला कळलं नव्हतं. निशिकांतनं मला माइकपाशी जागा करून दिली आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "फक्त थँक यू म्हण."

मी मराठीत म्हटलं, "मला भीती वाटत नाही."

निशिकांतनं माइक हातात घेतला. मग इंग्रजीत म्हणाला, "ती म्हणतेय, तुम्ही तिचं ऐकून घेताय याबद्दल ती आभारी आहे."

मला ते कळलं. मला कळेल हे त्याला माहीत होतं का, याचा मी अजून विचार करते.

"मी दर गुरुवारी त्यांच्या गाडीत बसून बाजारात जाते," मी म्हटलं. "ईरा पण असते."

"काय?" तो मराठीत म्हणाला. त्याला धक्का बसला होता, खराच. मग माइककडं वळून म्हणाला, "तिनं त्या गाड्या जवळून पाहिल्यात म्हणते."

तिथंच मी थांबायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला लगाम राहिला नव्हता. मी म्हटलं, "आमचे मालक कोल्हापुरात रिक्षा चालवायचे. ते पण अशीच सजवायचे रिक्षा. हा त्या रिक्षेवर वाढला, शिकला, इथवर आला. म्हणून म्हणते, ही माणसं वाईट नव्हेत."

निशिकांतनं याचं इंग्रजी केलं नाही. अमेरिकेत आल्यापासून त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की वडील ट्रान्सपोर्टमध्ये होते. मला ते ठाऊक होतं. फोनवर ऐकलं होतं, घरी पाहुणे आले तेव्हा ऐकलं होतं. मी कधी हरकत घेतली नव्हती. ट्रान्सपोर्टच तर ते, मी म्हणायची मनाशी.

पण रिक्षा हा शब्द असा, की तो मराठीतही रिक्षा आणि इंग्रजीतही रिक्षा. तो सगळ्या सभागृहाला ऐकू गेला होता. महापौरबाई उत्साहानं पुढं झुकल्या. "रिक्षा?"

"हो," निशिकांत हसला. "ती सांगतेय, भारतात रिक्षासुद्धा अशाच सजवतात."

सभागृहात हसू पसरलं. वाईट नव्हतं ते, कौतुकाचंच होतं. म्हातारीच्या गमतीला हसतात तसं. पण त्या हसण्यात दिनकर इंगवले नावाचा माणूस कुठल्या कुठं वाहून गेला. मी निशिकांतच्या हातातला माइक माझ्याकडं ओढला आणि जेवढं इंग्रजी येत होतं तेवढं ओतलं.

"हिज फादर. रिक्षा ड्रायव्हर. माय हजबंड. गुड मॅन. आय नॉट अफ्रेड. माय सन नॉट ट्रू."

मला म्हणायचं होतं, माझा मुलगा म्हणतो ते खरं नाही. तोंडातून गेलं ते असं, की माझा मुलगा खरा नाही.

उजवीकडची माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. कुणी तरी शिट्टी मारली. मी परत खुर्चीत येऊन बसले. खरं सांगते, त्या घडीला मला बरंच वाटत होतं. सगळं बोलून टाकल्याचं सुख असतं ना, तसं.

मग मतं झाली. नगरपालिकेच्या पाचही सभासदांनी ठरावाच्या बाजूनं हात वर केले. पुढं ओफेलियाबाईंकडून कळलं की ते आठवडाभर आधीच ठरलेलं होतं. त्या दिवशीची चर्चा नुसती रीत म्हणून होती. मी बोलले काय, न बोलले काय, ठराव होणारच होता.

बाहेर पायऱ्यांवर सोसायटीतले एक गोरे गृहस्थ आले आणि त्यांनी निशिकांतच्या खांद्यावर थाप मारली. "निक, तू कधी सांगितलं नाहीस! किती सुंदर गोष्ट आहे ही. रिक्षा!" निशिकांत हसला, थँक यू म्हणाला. तो हसला तेव्हा मला ओफेलियाबाईंच्या नवऱ्याचं ते दगडावर बसून हसणं आठवलं आणि माझं सुख तिथंच संपलं.

गाडीत तो नुसता समोर बघून चालवत होता. बाहेर अजून लख्ख उजेड होता, तिकडं उन्हाळ्यात उशिरापर्यंत ऊन असतं. मी पदराचं टोक बोटांना गुंडाळत बसले होते.

"मी खोटं बोललो नव्हतो," शेवटी तो म्हणाला. "तूच म्हणाली होतीस, छातीत धडधडतं."

"ते पहिल्या रविवारी रे."

"मग मला सांगायचं होतंस. घरात. मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू विचारलंस कुठं?"

सिग्नल लागला, सुटला.

"आणि बाबांना का मधे आणलंस?"

"का म्हणजे? लाज वाटते तुला त्यांची?"

त्यानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. माझ्याकडं बघितलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवून बोलला.

"चौथीत असताना पोरं मला तीनचाकी म्हणायची. तुला माहितीय?"

मला माहीत नव्हतं.

"बाबांना माहीत होतं. त्यांनी ऐकलं एकदा, फाटकात. दुसऱ्या दिवसापासून ते मला शाळेच्या अलीकडं, पिठाच्या गिरणीपाशी सोडायला लागले. काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, इथनं चालत जा, पाय मोकळे होतात. दहावीपर्यंत तिथंच सोडायचे. एवढी सजवलेली रिक्षा, अख्खं कोल्हापूर वळून बघायचं, आणि ते तिला गिरणीच्या आडोशाला उभी करायचे." त्यानं अंगठ्यानं स्टिअरिंगची कड घासली. "आणि मी एकदाही म्हटलं नाही, बाबा, दारापर्यंत चला. एकदाही नाही. आता कुणाला सांगू, वडील काय करायचे म्हणून? सांगायला तोंड आहे का मला?"

मी हात पुढं केला. त्यानं गाडी सुरू केली.

तीस वर्षं संसार केला मी त्या माणसाबरोबर. गिरणीची गोष्ट त्यानं मला सांगितली नव्हती. मुलानंही नाही. त्या दोघांमधे काही तरी होतं, जपून ठेवलेलं, आणि मी त्यावर परक्या गावाच्या माइकमध्ये बोलून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओफेलियाबाई घरी आल्या. त्या आमच्या सोसायटीत यायची ती पहिलीच वेळ. हातात झाकलेलं पातेलं. मला वाटलं, गळ्यात पडतील, शाब्बास म्हणतील. मी दार उघडून हसले.

"मुलगा बरा आहे?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"कामावर गेलाय," मी म्हटलं.

त्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी चहा टाकला. त्या म्हणाल्या, "माझा रूदी डॅलसमध्ये डॉक्टर आहे. तो लोकांना सांगतो, पप्पांचा मोटारींचा बिझनेस आहे. रामीरोनं आयुष्यभर दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये गाड्या रंगवल्या."

"मग तुम्ही काय म्हणता त्याला?"

"घरात म्हणते. खूप म्हणते." त्या थोडं हसल्या. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "मालन, तुम्ही धीट आहात. मी नाही तशी. काल सगळे तुमच्याकडं बघत होते. मी तुमच्या मुलाकडं बघत होते. एवढासा झाला होता तो. शाळेतल्या पोरासारखा."

त्या गेल्या. मी पातेल्यावरचं झाकण तसंच ठेवून ओट्याशी उभी राहिले. मी काल अर्धं सभागृह पाहिलं होतं, महापौरबाईंच्या कानातली कुडीसुद्धा मला आठवत होती. निशिकांतचा चेहरा मी पाहिलाच नव्हता.

पुढचे दिवस घर शांत होतं. तो मला उलटून एक शब्द बोलला नाही. वेळेवर औषधं आणायचा, ईराला माझ्याकडं द्यायचा, "आई, चहा घेतलास का" विचारायचा. ऋजुता एकदा म्हणाली, "आई, त्यांना थोडा वेळ द्या." पुण्याची पोर ती, समंजस. पण मला तिच्याकडंही बघवत नव्हतं. गुरुवारी मी बाजाराला जाणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

ऑगस्टचा शेवटचा रविवार आला. मला जायचं नव्हतं. दुपारी निशिकांत बूट घालून माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. "चल."

"कशाला? राहू दे."

"महापौरांनी तुला खास बोलावलंय. तू नाही गेलीस तर लोक म्हणतील, मुलानं येऊ दिलं नाही."

मग गेले.

मिशन रोड दोन्ही बाजूंनी माणसांनी फुलला होता. खांबांवरच्या पाट्या काढलेल्या, त्यांचे नुसते गंजके खिळे दिसत होते. मधोमध गाड्यांची रांग, उन्हात चकाकणारी, रामीरोची जांभळी सगळ्यांत पुढं. एका उघड्या ट्रकवर व्यासपीठ केलं होतं. महापौरबाईंनी ठराव वाचला, आधी इंग्रजीत, मग अडखळत स्पॅनिशमध्ये. ह्या गाड्या म्हणजे आमच्या गावचा वारसा, ज्या कुटुंबांनी तो जपला त्यांचा गाव ऋणी आहे, असं. रामीरो टोपी छातीशी धरून उभा होता. ओफेलियाबाईंनी त्याचा दंड धरला होता. मलाही भरून आलं. वाटलं, एवढं तरी चांगलं झालं.

ठराव वाचून झाला आणि महापौरबाई कागदावरनं मान वर करून पुढं बोलायला लागल्या. आपलं गाव किती देशांचं आहे वगैरे. मग म्हणाल्या, "त्या संध्याकाळी भारतातल्या एका आईनं आपल्याला जे सांगितलं ते मी विसरणार नाही. तिचा नवरा अनवाणी पायांनी, रस्त्यारस्त्यांतून माणसांची रिक्षा ओढायचा. मुलाला शिकवण्यासाठी. ती आई आज इथं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या आजूबाजूची माणसं माझ्याकडं वळून टाळ्या वाजवत होती. एका बाईनं डोळे पुसले. त्या काय बोलल्या ते मला सगळं उमगलं नव्हतं. शेजारी निशिकांतच्या मानेची शीर फुगलेली दिसली, तेव्हा मी तो शब्द मनात परत उलगडला. अनवाणी. ओढायचा.

दिनकर इंगवले. खाकी सदऱ्याला रोज इस्त्री. पायात बूट असल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही तो माणूस.

मी निशिकांतचा हात धरायला गेले, तर तो तिथं नव्हता. तो गर्दीतून वाट काढत ट्रककडं चालला होता. मला वाटलं, भांडतो आता. त्यानं महापौरबाईंना काही तरी सांगितलं, त्यांनी गोंधळून माइक दिला.

"माझ्या वडिलांनी कधी काही ओढलं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज उंच लागला होता, लहानपणी पाठांतर म्हणताना लागायचा तसा. "ते ऑटोरिक्षा चालवायचे. इंजिनाची. तीन चाकांची. त्यांचं नाव दिनकर इंगवले. गाव कोल्हापूर. रिक्षाला रंग ते स्वतः द्यायचे, आरसे स्वतः बसवायचे. आमच्या गावात रिक्षांची सौंदर्यस्पर्धा होते, तिच्यात त्यांचा पहिला नंबर आलेला आहे. आणि ते अनवाणी नसायचे." तो थांबला. इतका वेळ थांबला की लोकांत चुळबुळ झाली. "ते बूट घालायचे. रोज पॉलिश केलेले. मला माहीत आहे, कारण पॉलिश मी करायचो."

मग रामीरोनं आपल्या गाडीचा हॉर्न दाबला. त्याच्यामागच्या गाडीनं दाबला. मग सगळ्यांनी. गाड्या पुढची चाकं उचलून उड्या मारायला लागल्या, लोक ओरडायला लागले, टाळ्या पहिल्यापेक्षा दुप्पट. पेपरवाल्यानं फोटो काढले. महापौरबाईंनी निशिकांतला मिठीच मारली. रामीरो पुढं होऊन त्याला काही म्हणत होता, गाडीकडं हात करत होता, बस म्हणत असावा. निशिकांतनं मान हलवली. नको म्हणाला. नम्रपणानं म्हणाला.

मीही टाळ्या वाजवत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी मूर्खासारखी हसत होते. पोरानं बापाचं नाव चारचौघांत घेतलं, याहून एका बाईला काय हवं, असं मला वाटत होतं.

तो गर्दीतून परत माझ्यापाशी आला. चेहरा पांढराफटक. येता येता माणसं त्याच्या पाठीवर थापा मारत होती आणि प्रत्येक थापेला तो आत आत जात होता. मी त्या वेळी त्याच्याकडं नीट पाहिलं. पाहिलं म्हणून दिसलं.

"निशी," मी म्हटलं.

"झालं तुझं समाधान?" तो म्हणाला.

रागानं नाही. हळू, विचारल्यासारखं. जणू खरंच त्याला जाणून घ्यायचं होतं, की अजून काही काढून द्यायचं राहिलंय का.

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरच्या नऊ वर्षांतही नाही. तो दर रविवारी फोन करतो, बोलतो, पैसे हवेत का विचारतो, ईराला बोलायला लावतो. वडिलांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, मीही नाही.

पलीकडं जायचं होतं. गाड्यांची मिरवणूक सुरू झाली होती, एकामागून एक, हळूहळू, त्यांच्यासाठी मोकळ्या झालेल्या रस्त्यावरनं. दोन गाड्यांमधली फट बघून निशिकांतनं मला पुढं घेतलं. त्यानं माझा हात धरला नाही. कोपर धरलं. रस्ता ओलांडताना अनोळखी म्हातारीचं धरतात तसं. आणि पलीकडं पोचल्यावर सोडलं.